डब्यावरचा ससा

क्रीमच्या डब्यावर सशाचं चित्र दिसलं की तुम्ही लगेच विश्वास ठेवता ना? मी बी ठेवलता.

सिंदीतल्या माझ्या पार्लरमध्ये एका कंपनीचा एजंट आला. म्हणे, "मॅडम, आमची क्रीम एकाही जनावरावर तपासत नाई. हा ससा पाहा." मी येईल त्या बाईले हेच सांगत सुटले. शेवटी माझी पोरगीच म्हणाली, "आई, तू कंपनीले कधी विचारलं का?"

मी डब्यावरच्या नंबरवर फोन लावला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही, मॅडम."

"अन् क्रीममधला माल ज्याच्याकडून घेता, तो करते का?"

"ते बाहेरचे लोक बघतात, मॅडम."

"म्हणजे बकरा कसायाकडून कापून आणायचा, अन् आपण शाकाहारी म्हणून मिरवायचं?"

ती म्हणाली, "आमच्या सेवेबद्दल समाधानी असाल तर एक दाबा."

मी फोन ठेवला अन् ज्या ज्या बाईले ती क्रीम लावली होती, तिले फोन करून सांगितलं, "बाई, मी तुले खोटं सांगितलं."

कंपनीनं अजून कोणालेच फोन केला नाई.