सातपूरचं बंद दार

सन्माननीय अध्यक्ष डॉ. कुंदन सर, व्यासपीठावरील विश्वस्त, आणि आपल्या नेत्रालयातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी हाजरा. वेबसाइटचा मजकूर मी लिहिते. तो ज्या पानांवर लोकांना दिसतो, ती पानं शेखर सरांनी बांधली. ते आता इथलं काम सोडून बंगळुरूला निघालेत. कौतुक करायला उभी आहे, पण मन हलकं नाही.

आपली वेबसाइट 'हेडलेस' आहे, म्हणजे बिनडोक्याची. नाव ऐकून मी हसले होते. सर म्हणाले, "मॅडम, मजकूर एकीकडे, पान दुसरीकडे. तुम्ही मजकूर बदललात की पान नवा मजकूर आणून दाखवणार."

गेल्या वर्षी मोतीबिंदूचं शिबिर सातपूरहून नाशिक रोडला हलवलं. मी मजकूर बदलला. पेठकडचे गेणूबाबा मात्र मुलीसोबत सातपूरलाच गेले आणि बंद दारापुढे बसून राहिले. त्यांचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. मुलीनं आपलंच पान पाहिलं होतं, आणि त्यावर अजून सातपूरच होतं!

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मलाही वाटलं, बदल प्रसिद्ध करायचं बटण दाबायचं राहिलं असेल का? घरी जेवण जाईना.

मग सर स्वतः बैठकीत उभे राहिले. "पान झटकन उघडावं म्हणून मी त्याची प्रत साठवली. मजकूर बदलला की ती जुनी प्रत टाकून द्यायची, ही सूचनाच लिहिली नाही. चूक माझी. मॅडमची नाही."

खरं सांगू? त्या क्षणी मला गेणूबाबा आठवलेच नाहीत. मी सुटले, एवढंच वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

सर पेठला गेले, मीही गेले. सरांनी बाबांची माफी मागितली. बाबा म्हणाले, "मला दिसत नाय, पण तुझा आवाज रडका हाय. पाणी पी आधी."

सरांनी त्यांना गाडीतून आणलं, शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेर बसून राहिले. बाबांना दिसायला लागलं. पण मधल्या काळात चारायला कोणी नाही म्हणून त्यांनी शेळ्या विकल्या होत्या. त्या काही परत आल्या नाहीत.

पानातली चूक सरांनी त्याच आठवड्यात दुरुस्त केली. तरी मी काहीही बदललं की अजून त्यांचा फोन येतो: "मॅडम, बाहेरच्या कुणाच्या तरी मोबाइलवर पान उघडून बघितलंत ना?"

सर, तिकडे गेल्यावर नीट झोपत जा. इथे मी बघेन.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या.