सातवा नियम

बसा, बसा ताई, उभ्याने कशाला — ती खुर्ची नको, तिचा एक पाय माझ्यासारखाच भरवशाचा नाही — त्या टायरवर बसा. कागद असू द्या हातातच. पिवळा ना? मग वाचायची गरज नाही. तसाही चष्मा तिकडे पांढऱ्या गाडीच्या टपावर राहिलाय, तुमचा चेहरासुद्धा मी अंदाजानेच बघतोय. गाडी निळी का तुमची? झालं तर मग. मघाशी पांढरीकडून हरलात आणि आता तिचं इंजिन मागायला आलात. हक्कच आहे तुमचा. सातवा नियम — हरलेल्यांपैकी कोणीही जिंकलेल्या गाडीचं इंजिन ठरलेल्या किमतीला मागू शकतो, आणि मालकाला नाही म्हणता येत नाही. किंमत किती, तर एका वॉशिंग मशीनएवढी. नियम लिहिला कोणी? मीच. हा तुमच्यापुढे बसलेला शहाणा.

थांबा, बोलाल तुम्ही, आधी ऐका. का लिहिला माहितीये? चारशे मीटरची सरळ शर्यत — एक शिंक यायला लागतो तेवढा वेळ — आणि त्या शिंकेपायी मी अकरा वर्षं गॅरेजची कमाई ओतली. इंजिनचा एकेक भाग बाहेरून मागवायचो. घरातला फ्रिज बंद पडला तर बायकोला म्हणायचो, पुढच्या महिन्यात बघू. तो पुढचा महिना तीन वर्षांनी आला. आणि जिंकलो किती वेळा? एकदा. तेही शेजारच्याची गाडी जागची हललीच नाही म्हणून. तेव्हा म्हटलं, आपलं वाटोळं झालं ते झालं, नवीन येणाऱ्याने तरी घर विकून येऊ नये. म्हणून हा नवख्यांचा वर्ग काढला — जुनी घरातलीच गाडी, टायर साध्या दुकानातले, इंजिन कारखान्यातून आलं तसंच. आणि कोणी आत गुपचूप महागाचं काही बसवलंच तर? त्यासाठी सातवा. वॉशिंग मशीनच्या भावात कोणीही इंजिन उचलून नेणार म्हटल्यावर त्यात पैसे घालायला माणूस वेडाच हवा. सभेत टाळ्या पडल्या होत्या हो! मी उठून वाकलोसुद्धा.

पण खरं सांगू का, ते इंजिन घेऊन करणार काय तुम्ही? तेल पितं. सकाळी खोकतं. तुमचंच बरं असेल. हसताय का? — हो, पांढरी गाडी माझ्या मुलीची, लपवण्यासारखं काय त्यात, पण इथे नातंगोतं नाही, सगळ्या गाड्या मीच तपासतो, झाकण काढून, टॉर्च मारून — हिचीही तपासली. म्हणजे, झाकण नाही काढलं. घाई होती. बरं, घाई नव्हती. दुपारची वेळ, शेडमध्ये मी एकटा, कसली आलीये घाई!

आता काय लपवू तुमच्यापासून, घरी नेऊन उघडलंत की दिसणारच आहे. आत कॅमशाफ्ट — इंजिनच्या झडपा उघडणारा दांडा, गाडीचा वेग वाढवतो तो — माझा आहे. माझ्या जुन्या गाडीचा. सगळं विकलं, तेवढा ठेवला होता — कपाटात, बायकोच्या स्वेटरांखाली, फडक्यात गुंडाळून. तिला सापडला तेव्हा तिने स्वेटर तेवढे दुसरीकडे हलवले. मुलगी चार रविवार लागोपाठ हरली हो. दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, आठवडाभर लोकांचं कण्हणं ऐकायचं आणि रविवारी इथे यायचं. चौथ्या रविवारी गाडीत बसून म्हणाली, बाबा, मला जमत नाही बहुतेक. एवढंच. रडलीबिडली नाही. रडली असती तर समजूत घातली असती. बुधवारी ती कामावर गेली आणि मी गॅरेजात इंजिन उघडलं. म्हणजे चोर मीच, पोलीस मीच आणि कायदाही माझ्याच अक्षरात. तिला यातलं काही माहीत नाही. आज जिंकल्यावर आधी आईला फोन केला तिने, इतक्या मोठ्याने बोलत होती की मला इथे शेडमध्ये ऐकू आलं. तर एवढंच म्हणतो ताई, आजचा दिवस जाऊ द्या. इंजिन पुढच्या रविवारी मागा. मी तोवर तो कॅमशाफ्ट काढून —

काय? कसला अर्ज? प्रवेशाचा? तुम्ही आज पहिल्यांदाच — मग मघाशी हरलेली निळी गाडी? ती दुसऱ्या कोणाची? अरे देवा. दोन्ही अर्ज पिवळे, हो, तेही माझंच डोकं — नवख्यांना परवडलं पाहिजे म्हणून कागदातसुद्धा काटकसर, एकाच गठ्ठ्यावर दोन्ही छापून घेतले. मग तुम्ही मघापासून गप्प का? — बरोबर आहे, बोलू कुठे दिलं मी.

म्हणजे कोणी काही मागितलेलंच नाही. म्हणजे मी गप्प बसलो असतो तर... नाही, तसं नाही. बरं, तसंच. तुम्ही तरी कुठे बोलणार आहात, ओळख ना पाळख.

एक काम करा. ती वेळ छापलेली कागदाची पट्टी टेबलावर आहे ना, शेवटच्या शर्यतीची — वाचा जरा, मला दिसत नाही. पांढरी किती फरकाने जिंकली? एक दशांश असेल, फार तर दीड. त्या कॅमशाफ्टने सेकंदाचे दोन दशांश मिळतात, जास्त नाही, अकरा वर्षं मोजलेत मी ते. किती म्हणालात? नीट बघा. तीन? पूर्ण तीन?

दिवा हिरवा झाल्यावर कोण आधी सुटलं ते वर लिहिलेलं असतं. तीच ना?

म्हणजे माझ्या कॅमशाफ्टशिवायही ती जिंकत होती. पोरीला जमत होतं. आणि मी तिची पहिली जिंकलेली शर्यत खोटी करून ठेवली.

आणा तो अर्ज. कुठे मारू शिक्का, बोट ठेवा. हं. तिसऱ्या रांगेत जा, निळ्या गाडीचं झाकण उघडं ठेवा, तपासायला कोणीतरी येईल — मी नाही, दुसरं कोणीतरी. आणि जाताना त्या पांढऱ्या गाडीपाशी सांगा की... नको. काही सांगू नका. चष्मा आणायला मलाच जायचंय तिकडे. जा तुम्ही.