दुखतंय कुठं, हे बजरंगला विचारा

सन्माननीय अध्यक्ष सरपंच मोहनराव, व्यासपीठावरील डॉक्टर साहेब, आरोग्य केंद्रातून बदलून निघालेल्या आपल्या योगिता सिस्टर, त्यांच्या जागी आलेल्या करिष्मा सिस्टर आणि समोर बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, सर्वांना नमस्कार. मी शहादेव. सातवीनंतर मेंढरांमागे गेलो, म्हणून भाषण लिहून आणलं आहे. नजर कागदावर राहिली तर राग मानू नये.

माझा थोरला भाऊ बजरंग तिकडे खांबापाशी बसला आहे. पस्तिशीचा आहे, माझ्यासोबत मेंढरं राखतो, पण त्याला समजायला आणि सांगायला वेळ लागतो. त्याला विचारूनच बोलतो आहे.

दवाखान्यात प्रश्न त्याच्याबद्दल असत आणि विचारले मला जात. दोन वर्षांपूर्वी त्यानं भाकरी सोडली, डोकं भिंतीला घासू लागला. आम्ही घरचे म्हणालो, पोट असेल. पोटाच्या गोळ्या दिल्या, ताप चढतच गेला. आई आणि मी त्याला केंद्रावर घेऊन आलो, तर तो आत जाईना. योगिता सिस्टर बाहेर येऊन पायरीवर बसल्या.

मी म्हणालो, "त्याला न्हाई सांगता येत."

"तुला विचारलं का मी?" सिस्टर त्याच्याकडे वळल्या. "बजरंगदादा, मेंढरू बोलत नाही. मग त्याचं काय दुखतं, हे तुम्ही घरी कसं सांगता?"

आई म्हणाली, "बाई, तुमी माणसाच्या सिस्टर का मेंढराच्या?"

"मेंढराचं मला खरंच माहीत नाही, दगडाबाई. म्हणून विचारते."

असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला होता का? त्यानं फार वेळ घेतला. रांगेतले लोक कुरकुरले, सिस्टर थांबल्या. मग त्यानं खिशातून गेरूचा खडा काढला. रानात मेंढरू आजारी दिसलं, की आम्ही दुखऱ्या जागी गेरू लावतो. संध्याकाळी घरचे तिथंच हात लावून पाहतात.

"आणि मेंढराच्या जागी तुम्ही असता तर?"

त्यानं आपल्या कानामागे लाल रेघ ओढली.

तिथं पू साचला होता. त्याच दिवशी त्याला अंबाजोगाईला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर पू मेंदूत गेला असता.

तेव्हापासून सिस्टर बजरंगसारख्या माणसांना गर्दी नसताना बोलावू लागल्या. रक्तदाबाचा पट्टा आधी त्यांच्याच हातात देत. बजरंगनं एकदा तो सिस्टरच्याच दंडाला बांधला आणि गंभीरपणे सांगितलं, "लई हाय. मीठ कमी खा."

बदलीचं कळलं, तेव्हा पहिला विचार आला तो हाच. पुन्हा सगळे मलाच विचारू लागतील का? आणि मी पुन्हा पोट म्हणालो तर? परवा त्याला घेऊन गेलो. करिष्मा सिस्टर दारातच म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

"पण त्याला..."

"बजरंगदादांनीच तसं सांगितलंय."

दार लागलं. आत दोघं हसल्याचं ऐकू आलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय झालं होतं?

बजरंग म्हणाला, "तुला कशाला सांगू रं?"

करिष्मा सिस्टरही सांगत नाहीत. मला अजून राहून राहून वाटतं, काय असेल? पण योगिता सिस्टर, तुम्ही आता निश्चिंत जा.

आपण शांतपणे ऐकलंत, उपकार आहेत. कुणाचं नाव राहिलं असेल तर मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. बजरंगनं सांगू दिलं त्याहून जास्त बोललो असेन, तर त्याची माफी घरी गेल्यावर मागेन.