कुठलं आरएम?

हॅलो?… हो, ताईच बोलतेय… अगं रडू नकोस, मला एक अक्षर कळत नाहीये. थांब, मीटिंगमधून उठून जिन्यात येते… हं, आता सांग.

काय पुसलंस?… अख्खं फोल्डर? चार दिवसांच्या पाण्याच्या तपासणीचं?… मग नमुने पुन्हा तपास… ओतून दिले. बरं. आणि कॉपी?… रविवारी होते. आज गुरुवार. छान.

नाही गं, तुला नाही बोलले… नोकरी लागून आठवडा झाला नाही तर जायच्या गोष्टी कुठे करतेस? मॅडम जेवून कधी येतात?… वीस मिनिटं. पुष्कळ झाली. आधी कीबोर्डवरून हात काढ… काढलास?

ऐक ना. पुसलंस ते आरएम ही कमांड लिहूनच ना?… हो, हो, पण कुठलं आरएम?… अगं, दोन आहेत. एक मशीनचं, ते कायमचं पुसतं. दुसरं मी तुला लिहून दिलेलं, तुझ्या स्वतःच्या प्रोग्रामांच्या फोल्डरमधलं, बिनमधलं. ते पुसत नाही, नुसतं कचऱ्याच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकतं… विसरलीस? वाटलंच मला.

जुन्या ऑफिसातून तुझं बिन आणलंस ना? आणि प्रोग्राम कुठे शोधायचे तो पाथ लिहिलेली फाइल?… दोन्ही? शहाणी. पण तिथली मशीनं वेगळी, त्यांचे प्रोग्राम भलत्याच जागी. ते फोल्डर तू पाथमध्ये जोडलेस, ते पुढे की मागे?… आठवत नाही काय, परवाच केलंस ना?… अगं, फरक पडतो. मशीन पाथमधले फोल्डर ओळीने बघत जातं आणि पहिलं सापडेल ते चालवतं. पुढे जोडले असशील तर मशीनचंच आरएम चाललं असेल… जाऊ दे, आधी बघू.

त्याच खिडकीत लिही, व्हिच आरएम, म्हणजे कुठलं चालतं ते मशीनच सांगेल… एंटर… हळू वाच. होम… मग तुझं नाव… मग बिन?… पुन्हा वाच.

अगं बाई. थांब, मी पायरीवर बसते… हो, माझंच आहे ते. कचऱ्यात बघ… मोज… चारही दिवस? हुश्श. परत आण सगळं, पाणी पी, आणि आता हवं तर रड.

काय?… मला कसं सुचलं हे? असंच… नाही, असंच नाही. तुझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आठवतो? डिस्क बिघडून गेलेला?… डिस्क नव्हती बिघडली. जागा करायला म्हणून मी पुसला. दुसऱ्याच दिवशी हे आरएम लिहायला घेतलं. तू तीन आठवडे बसून सगळं पुन्हा केलंस, आणि मी शेजारी बसून डिस्कला शिव्या घातल्या. अकरा वर्षं सांगायचा धीर झाला नाही गं.

काय म्हणालीस? माहीत होतं?… त्याच दिवसापासून? कसं?… हो की. टाइप केलेली प्रत्येक कमांड मशीन यादीत जपून ठेवतं. ती यादी तेवढी पुसायची राहिली माझ्याकडून.

मग बोलली का नाहीस?… मी तुझ्याहून जास्त रडत होते म्हणून?… हो गं. रडत होते.

आल्या मॅडम?… ठेव, ठेव. संध्याकाळी घरी ये… नाही, इथली मीटिंग होऊ दे माझ्याशिवाय. मी जरा इथेच बसते.