दरीतला निळा रंग

कृष्णधवल फोटोंवर पूर्वी हाताने रंग भरायचे ना, तसे डोंगर-नद्यांचे जुने फोटो मी जमवतो, हे तुम्हाला माहीतच आहे. मागे नंदुरबारच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओत असाच एक मिळाला. मालकीण सुमनताई; फोटो देताना त्यांनी माझं गावही विचारून घेतलं होतं. फोटो त्यांच्या वडिलांनी काढलेला आणि रंगवलेला. सातपुड्यातली दरी, उतारावर शेतं, झोपड्या. पण खालची निम्मी दरी चक्क निळी, आणि त्या निळ्याखालून झोपड्यांची छपरं दिसत होती. मला वाटलं, रंग ओघळला असेल.

तळोद्याला जीप चालवणाऱ्या रुमसिंगला तो सहज दाखवला. त्याने फोटोतल्या एका झाडावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "दादा, हे तर आमचं बुडालेलं गाव. ही चिंच बघा. धरणाचं पाणी हिच्या बुंध्यापर्यंतच आलं." त्याचं बोट बरोबर निळ्या रंगाच्या काठावर होतं.

 तिथूनच सुमनताईंना फोन लावला. "ताई, हा फोटो धरण झाल्यावर रंगवला का?"

"नही हो. बाबा तं धरणना आधीच देवाघर गयात."

"मग दरी निळी का?"

"मी बी इचारं व्हतं. म्हनेत, माले तठे पाणीच दिखस."

 मग त्याच म्हणाल्या, "आखो एक फोटू शे, भाऊ. तुम्हना गावना. धाडी देऊ का?"

"माझ्या गावाचा? नको," म्हणालो आणि फोन ठेवला. त्यात कुठला रंग भरलाय, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.