मुराळ्याले बोलावनं लागत नाही

...आन मी म्हनतो, पंधरा दिवसाच्या फिरतीत मानूस रोज संध्याकाळी एकाच गावात मुक्कामाले आला, त त्या व्हिसावाल्या मुबश्शिरच्या पोटात कायले दुखावं? त्याच्या घरी येऊन राह्यलो काय मी?

तुमाले सांगतो, मी देवमन, किन्हीराजाचा रिटायर पोस्टमन. चौतीस वर्सं सायकलवर लोकायचे बोलावने पोचवले, लग्नाचे, बारशाचे, नोकरीचे... माह्या सोताच्या नावाचं एक नाही आलं, पन जाऊ द्या! घरी बसल्या बसल्या म्या स्पेनचा नकाशा पाह्यला. ब्रियोनेस, लाग्वार्दिया, आरो, पेन्याफिएल, पार खाली खेरेस... सगये द्राक्षाचे गावं! टेकाडावर चर्च, खाली वावरं, दुपारी दुकानं बंद, लोकं झोपलेले. म्हनजे आपलं आसेगावच की हो, फक्त सोयाबीनच्या जागी द्राक्षं! म्हनलं जातो. मार्चाच्या आखरीले निंघतो, बारा एप्रिलले वापस. मले काय, फक्त द्राक्षं पाह्याचे हायेत!

गावाले कानोकान खबर. सेवादास पारावरून वरडला, "देवमनभाऊ, पंचशील घेनारा मानूस तू, आन दारूच्या मुलखात चालला? पाचवं शील विमानतळावर ठेवून जाशीन काय?" म्हनलं, बाबू, द्राक्षं वेलाले असतेत तवा दारू नसते! हातबी लावत नाही. पाह्यतो फक्त!

आन घरात सरिता, माह्यी बायको. थे माह्या नकाशाकडं पाह्यते. मंग हळूच, "तुमाले द्राक्षायची एवढी आवड कवापासून वो? मांगच्या वर्सी अर्धा किलो आनले त आंबट म्हनून बकरीले टाकले!" म्या यादी खिशात टाकली, गेलो वाशिमले.

मुबश्शिरनं माह्या हातची यादी वाचाले घेतली. "काका, पहला दिन ब्रियोनेस, मुक्काम आरो. दूसरा लाग्वार्दिया, मुक्काम आरो. पाँचवाँ दिन खेरेस... अरे ये तो देश के दूसरे कोने में है! मुक्काम... आरो?" म्हनलं, हो, येऊ न वापस, रातची यष्टी असनच. "काका, इस आरो में ऐसा है क्या?" द्राक्षं! "होटल कौनसा?"

म्हनलं, हॉटेल कायले लागते? रूपा हाये न थं!

...झालं. निंघून गेलं तोंडातून.

रूपा म्हनजे माह्यी लेक. एकच हाये. द्राक्षाच्या वेलीले कोनता रोग झाला थे तपासाची नोकरी हाये तिले थं, जावई धम्मरत्नबी थंच कामाले. चार वर्सं झाले, घरी आली नाही! दर खेपी फोनवर, "बाबा, पुढच्या वर्सी नक्की." आता पुढचं वर्स... थे पुढंच पयते न! चौदा एप्रिलच्या मिरवनुकीत निळी साडी नेसून आईसंगं चालाची, माह्याकडं पाहून हसाची. आता सरिता एकटी चालते. बाजूची जागा कोनी घेतली का थे त्याले जरा सरकाले सांगते, म्हनते रूपाची हाये. म्हनूनच वापसी बारा एप्रिलची!

पन मुराळ्याची रीत हाये न आपल्यात! सासरच्या लेकीले माहेरी आनाले भाऊ जाते, थो मुराळी. रूपाले भाऊ नाही, म्हनून बाप. आन मुराळ्याले बोलावनं लागत नाही! थो नुसता दारात उभा राह्यला का लेकीची पिशवी भरल्या जाते. म्हनून त म्या मुबश्शिरले साफ सांगतलं, जातानाचं तिकीट एक काढ, येतानाचे दोन.

थो खुर्चीतून उठला! "काका! एक जाता है, दो आते हैं? एंबसी वाले पूछेंगे ना, ये दूसरी कहाँ से निकली! और बेटी के घर रुकना है तो बेटी का बुलावा लाओ, उधर के पुलिस के ठप्पे का!"

घ्या! मुराळ्याले बोलावनं लागत नाही, आन थेबी पोलिसाचं? म्या म्हनलं, नाही मागत. बाप हाओ मी! नाही गेलो त राह्यलं! घरी येऊन तोंड पाडून बसलो. सरितानं रूपाले फोन लावला, माह्या कानाले देल्ला.

"बाबा, आई म्हनते तुमी एप्रिलात द्राक्षं पाह्याले येऊन राह्यले?"

म्हनलं, हो, फक्त द्राक्षं.

"बाबा, आपल्या नाशकाकडं असतेत एप्रिलात. इथं तवा वेलीले धड पानं नसतेत. इथं द्राक्षं सप्टेंबरात. मंग काय पाह्याले येऊन राह्यले?"

आता सांगा... चौतीस वर्सं लोकायचे पत्ते पाठ करनारा मानूस, महिनाच चुकला न मी!

म्हनलं, तुले.

  

मंग म्हनलं, चाल न माह्यासंगं, मुराळी हाओ मी. लय हळू बोलली, "सुटी नाही बाबा. आन आता घर इथंच हाये... तुमी या पन. या तुमी."

काल बोलावनं आलं. नवा पोस्टमन दारात उभा, म्हने, देवमनकाका, सही करा. चौतीस वर्सं दुसऱ्यायच्या सह्या घेतल्या, काल माह्यीच वाकडी आली. पाह्यलं त पोलिसाचा शिक्का, खाली रूपाची सही. वाशिमले नेलं, मुबश्शिरनं अर्थ सांगतला: पाव्हना देवमन, नातं बाप, पंधरा दिवस राह्यनार, मंग आपल्या देशी वापस जानार. असा मुराळी पाह्यला कधी, ज्याले लेकच शिक्का मारून सांगते का बाबा, एकटेच जा?

मुबश्शिर म्हने, "काका, फिर आने का टिकट... एकच ना?"

म्हनलं, एकच काढ बाबा. जातो, आता द्राक्षंच पाहून येतो... थेबी एप्रिलात नसतेत!