उशी द्या, उशी द्या

...अहो, कळत नव्हतं तेच बरं होतं की नाही! तुम्हाला सांगतो, माझी नात आणि तिचा नवरा मिळून गाणी करतात. दोघंच! तिसरा ढोलकीवालासुद्धा नाही, ठोका यंत्र देतं. हा प्रकार काय म्हणून विचारलं, तर नातजावई म्हणतो, "आजोबा, ड्रीम पॉप." म्हटलं, म्हणजे झोपेतलं गाणं? मग या की माझ्या दुकानात! माझं गाद्यांचं दुकान हो. तर खरंच आले! मागच्या खोलीत चारी भिंतींना गाद्या उभ्या केल्या, मधे बसून पहिला अल्बम केला. आवाज कसा? बाईला गादीत घालून वरून टाके मारलेत आणि ती आतून हाका मारतेय! शब्द औषधाला नाही. ऊंऽऽ शीऽऽ आऽऽ...

त्याच सुमारास माझ्या छातीत कळ आली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करा. मी म्हटलं, जुनी गादी किती उसवायची आणि किती शिवायची? राहू द्या! घरात सगळ्यांची तोंडं उतरली. नात मात्र चकार शब्द बोलली नाही, गात बसली.

पण तिचं एक गाणं मला बरोब्बर कळलं. "उशी द्या, उशी द्या"! आपल्या धंद्याचं गाणं! गिऱ्हाईक आलं की लावायचो. "ऐका, नात काय म्हणतेय! नुसती गादी काय नेताय?" उशा खपल्या हो... आणि नात आपली बघत राहायची. कळत नव्हतं तेच बरं होतं!

आता नवा अल्बम आलाय. म्हणे गाण्यातलं धुकं कमी केलं, नातीचा आवाज पुढे आणला, जुनं गाणंही नव्यानं म्हटलं. मी ऐटीत दुकानात लावलं. शेजारचा न्हावी कान टवकारून म्हणतो, "गादीवाले, हे उशीचं नाही हो... तुमचं आहे!" बघतो तर काय? "उशिरा जा, म्हाताऱ्या, उशिरा जा..."

झालं! आता गल्लीभर तेच. न्हावी दाढी करता करता वस्तरा थांबवतो, "उशिरा जा हं!" अरे गाढवा, वस्तरा तुझ्या हातात, मला काय सांगतोस?

नातीला गाठलं. म्हटलं, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते की, आजोबा. तू उशा विकत होतास."

"आणि आता एवढं खणखणीत?"

"तुला कळावं म्हणून. बाकीच्यांना कळलं ते वरकड."

तुम्हीच सांगा! जन्मभर सगळ्यांची टोपी उडवली, पण पोरीनं गाण्यातून माझीच उडवली...

म्हणून पडलोय इथं दवाखान्यात. उद्या ऑपरेशन. आणि ही नर्सबाई खाट सारखी करता करता काय गुणगुणतेय ऐकलंत? "उशिरा जा..." म्हटलं, बाई, जाईन गं उशिरा, कळलं, सगळं कळलं! पण मानेखाली ही वीट कुणी ठेवली? आधी उशी द्या!